गीझर बंद कोण करणार?

‘अशी ही बनवाबनवी’ हा सिनेमा 1988 सालचा. त्यातल्या लीलाबाई काळभोरांना भाडेकरू हवे होते, पण जोडपीच हवी होती. त्या एका अटीपायी दोन बाप्यांना साड्या नेसाव्या लागल्या आणि मराठी माणूस आजतागायत त्यावर हसतो आहे. मीही हसतो. पण दर वेळी मला एक गोष्ट खटकते. लीलाबाई चौकशी करतात ते ठीक, त्यांचं घर आहे. पण जे चौघे एका छपराखाली राहणार आहेत ते एकमेकांना काही म्हणजे काही विचारत नाहीत. घोरतो कोण, रात्री दिवा मालवतो कोण, सकाळी न्हाणीघर अडवून बसतो कोण? कुणी भाऊ, कुणी दोस्त; या, पसरा अंथरूण. हाच सिनेमा आज अंधेरीत काढायचा म्हटला, तर चौघांच्या आपसातल्या मुलाखतींतच मध्यंतर होईल आणि लीलाबाईंना यायला सवडच मिळणार नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी भाची इचलकरंजीहून नोकरीला अंधेरी पूर्वेला आली आणि ताईने जागा बघायला मला तिच्याबरोबर जुंपलं. “तू जन्मभर बँकेत माणसं पारखलीस. जा, बघ तरी कसल्या मुली आहेत त्या.” मी कर्जखात्यात होतो. कर्जखात्यात माणसं पारखत नाहीत, कागद पारखतात. पण हे धाकट्या भावाने थोरल्या बहिणीला सांगून उपयोग नसतो.

ती आमच्याकडेच का नाही राहिली, हा प्रश्न इचलकरंजीत अजून चर्चेत आहे, म्हणून खुलासा करून टाकतो. मुलुंड पूर्वेला आमचं वन बीएचके आहे. त्यातला हॉल सीएच्या परीक्षेला बसलेल्या चिरंजीवांनी ताब्यात घेतलेला आहे आणि तिथून जाताना आम्ही दोघं चोरपावलांनी जातो. शिवाय मुलुंडहून तिच्या नोकरीसाठी अंधेरी पूर्वेचं मरोळ गाठायचं तर लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रो. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो जून 2014 मध्ये सुरू झाली आणि पूर्व-पश्चिम उपनगरांतला दीड तासाचा रस्ता वीस-बावीस मिनिटांवर आला. 11.4 किलोमीटर, 12 स्टेशनं, थंडगार डबा, सगळं कौतुकाचं. फक्त सकाळी साडेआठला घाटकोपरच्या जिन्यावर जी गर्दी असते तिच्यातून पोरीला रोज पाठवण्यापेक्षा अनोळखी मुलींबरोबर ठेवणं मला कमी धोक्याचं वाटलं.

आमच्या वेळी असल्या मुलाखती नव्हत्या. 1984 साली मी बँकेत लागलो तेव्हा घाटकोपरला पंतनगरात, हाउसिंग बोर्डाच्या इमारतीत, एका खोलीत राहिलो. चौघे आधीच होते. त्यांतल्या थोरल्याने उघड्या अंगाने दारातच विचारलं, “गाव कंचं?” मी सांगितलं. “मग त्या पाटलांचं तुम्ही कोण?” मी तेही सांगितलं. “पावणं-पै कुठं?” संपली मुलाखत. सतरंजी मिळाली, खुंटी मिळाली आणि शनिवारचं पाणी भरायची पाळी मिळाली.

गिरणगावात तर हे फार आधीपासून चाललेलं. कोकणातल्या, साताऱ्याकडच्या गावाची मुंबईत आपापली खोली असे. पहिल्या पाळीचा गडी उठून गेला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागेवर आडवा होई. अंथरूण थंड व्हायला फुरसतच नसे. जेवण खानावळवालीकडे. (या खानावळवाल्या बायांचीच 1975 साली प्रेमाताई पुरवांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ म्हणून संघटना उभी केली. त्यांना कोण गडी उधारी बुडवणार हे पहिल्या घासाला कळत असे. आमच्या कर्जखात्याने त्यांतली एखादी नेमायला हवी होती.) गोव्याच्या लोकांनी तर रीतसर व्यवस्था लावलेली. धोबीतलाव, माझगाव, डाबूळ या भागांत गावागावाचे ‘कूड’. बोटीवरचे खलाशी, आचारी, वाजंत्रीवाले तिथं उतरायचे. भिंतीला ओळीने पेट्या, एका अंगाला आल्तार, आणि संध्याकाळच्या तेर्साला, म्हणजे प्रार्थनेला, हजर राहणं हा नियम. प्रवेशपरीक्षा एकच: तू आमच्या गावचा आहेस का?

या आठवणी निघाल्या की माझ्या वयाची माणसं डोळे पुसायला लागतात. ‘तेव्हा माणुसकी होती’ वगैरे. होती. पण गाव कळलं की वाडी कळायची, वाडी कळली की जात कळायची, आणि जात कळली की ताट मांडायचं की नाही तेही ठरायचं. ‘पावणं-पै कुठं’ हा प्रश्न काही पाहुण्यांच्या काळजीपोटी विचारलेला नसे. चौकशी तेव्हाही कडकच होती. ती गावाने आधीच करून ठेवलेली असल्यामुळे खोलीवर करावी लागत नव्हती, इतकंच. ज्याचं त्या खोलीत गाववालं कुणी नाही, त्याने दुसरी खोली बघायची.

आता गाव विचारून भागत नाही. भाचीच्या ऑफिसात तिच्या आजूबाजूला गुवाहाटी, कोट्टयम, कानपूर आणि परभणी बसतात. ते एकमेकांच्या पाटलांना कुठून ओळखणार? म्हणून मुलाखत आली.

पण त्या मुलाखतीपर्यंत पोचायच्या आधी दोन-तीन चौक्या लागतात. पहिली दलालाची. तो फोनवरच विचारतो, “फॅमिली के बॅचलर? व्हेज के नॉनव्हेज?” नाव तिसऱ्या नंबरवर. दुसरी चौकी मालकाची, आणि तिसरी, सर्वांत अवघड, सोसायटीची. आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवलं की पुरे. पण आदर्श उपविधी आणि आपले सेक्रेटरी यांची गाठ अजून पडायची आहे. बोरिवली पूर्वेला नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून असलेली एक सोसायटी आम्ही पाहिली. तिथले सेक्रेटरी मोबाइलवर सीसीटीव्हीची चित्रफीत दाखवत होते. रात्री अडीच वाजता पार्किंगमधून बिबट्या चाललाय, अगदी फेरफटका मारायला निघाल्यासारखा. “आमच्याकडे येतो अधूनमधून,” ते कौतुकाने म्हणाले. “कुणाला त्रास नाही त्याचा.” मग भाचीकडे वळून, “सिंगल आहात? मग नाही जमणार. फॅमिली एरिया आहे.”

आमचं मुलुंडही मागे नाही. 2023 च्या सप्टेंबरात मुलुंडमध्ये एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा बघायला गेल्यावर ‘महाराष्ट्रीयांना देत नाही’ असं ऐकावं लागलं आणि त्याची चित्रफीत राज्यभर फिरली. आमच्या सोसायटीच्या सभेत त्याचा कडकडून निषेध झाला. आपल्याच राज्यात आपल्याला घर नाही म्हणजे काय, म्हणून एक काका तर उभे राहून बोलले, टाळ्याही पडल्या. सभेपुढचा पुढचा विषय होता, तिसऱ्या मजल्यावर आयटीतली मुलं भाड्याने ठेवू द्यावीत का. नको, असं सर्वानुमते ठरलं. सूचक तेच काका.

घाटकोपरला एका ठिकाणी कांदा-लसूण चालणार नाही म्हणाले. भाची म्हणाली, “मामा, मी अंडं सोडेन एक वेळ, पण खर्डा कसा सोडू?” कोल्हापूरकडच्या पोरीला लसूण सोड म्हणणं म्हणजे श्वास आत घे पण बाहेर सोडू नकोस म्हणण्यासारखं आहे. ती जागा सोडली. कायद्याचा आधार शोधायला जावं तर तोही फारसा हाती लागत नाही. 2005 साली सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सभासद आपल्याच समाजाचे असावेत हा तिचा नियम वैध ठरवला, तेव्हापासून लोक निर्धास्त आहेत.

अमेरिकेत मात्र यात एक फरक केलेला मला आवडतो. तिथं घरमालकाला भाडेकरूंत धर्म-वंश बघून निवड करायला कायद्याने बंदी. पण 2012 साली तिथल्या एका अपील कोर्टाने सांगितलं की हा कायदा खोली वाटून घेणाऱ्यांना लागू नाही. आपल्या घरात आपल्याबरोबर कोण राहणार हे ठरवायची मुभा ज्याची त्याला. माझंही तेच म्हणणं आहे. जो त्या घरात राहणार नाही, त्याने कोण काय खातो हे विचारणं हा आगाऊपणा. जी त्याच फ्रिजमध्ये दही ठेवणार आहे, तिचा तो अधिकार. आपल्याकडे आगाऊपणा जोरात आहे आणि अधिकार बजावायची वेळ आली की काय विचारावं तेच सुचत नाही.

मरोळच्या ज्या टू बीएचकेपर्यंत आम्ही शेवटी पोचलो, तिथं दोघी आधीपासून राहत होत्या. एक नागपूरची, एक इंदूरची मराठी. तिसरी लग्न ठरल्यामुळे सोडून चाललेली, म्हणून जागा रिकामी. भाडं तिघींत मिळून महिना 60,000. त्यांनी मला बसायला बीन बॅग दिली. ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: ते थर्माकोलच्या दाण्यांनी भरलेलं पोतं असतं. त्यात बसता येतं. उठता येत नाही. माझे गुडघे हनुवटीला लागले आणि त्या स्थितीत मी पालक म्हणून भारदस्त दिसायचा प्रयत्न करत राहिलो.

इंदूरच्या मुलीने लॅपटॉप उघडला. त्यात चक्क तक्ता होता; भाचीच्या आधी येऊन गेलेल्या मुलींची नावं उभी, गुण आडवे.

“नाइट शिफ्ट?”

“नाही.”

“स्मोकिंग? ड्रिंकिंग?”

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. उठून बाहेर जाणं शक्यच नव्हतं.

“बॉयफ्रेंड? म्हणजे आम्हाला काही प्रॉब्लेम नाही, पण रात्री राहिला तर लाइट बिलात त्याचा भाग पडतो.”

मी खिडकीबाहेर अधिकच बारकाईने पाहू लागलो. समोरच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती. चांगली टाकी होती.

“एसी कितीवर लावते?” हे नागपूरकरणीने विचारलं. “मी 18 वर लावून झोपते, आधीच सांगून राहिली. नागपूरचा उन्हाळा पाहिला आहे मी, आता मला सहन होत नाही.”

मग मी माझे प्रश्न मांडले. कंपनी कोणती, किती वर्षं झाली, पगार वेळेवर होतो का, ओळखपत्र बघू, डिपॉझिट कोणाच्या नावावर गेलंय. दोघींनी सगळं नीट सांगितलं. इंदूरच्या मुलीने तर न विचारता सिबिल स्कोअर सांगितला, 790. मी मनातल्या मनात प्रकरण मंजूर करून टाकलं. पुढे कळलं की 790 सिबिलची ही मुलगी कुकरला चिकटलेली खिचडी ‘भिजत ठेवते’, आणि हे भिजणं सोमवारी सुरू होऊन गुरुवारी संपतं. तो स्कोअर काढणाऱ्यांनी कुकर विचारलेलाच नसतो.

जाताना तिनेच मला विचारलं, “अंकल, राग मानू नका, पण तुम्ही किती वेळा येणार?” तक्त्यात तोही एक रकाना होता.

या विषयावर साहित्यातली सर्वांत उत्तम मुलाखत माझ्या मते शेरलॉक होम्स आणि डॉक्टर वॉटसन यांची. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’, 1887. लंडनची भाडी तेव्हाही एकट्याला परवडणारी नव्हती. दोघांची ओळख एका तिसऱ्याने करून दिलेली. होम्स म्हणतो, एकत्र राहायचं तर एकमेकांचे दुर्गुण आधी कळलेले बरे. आणि आपले सांगून टाकतो. तंबाखू जहाल ओढतो, घरात रसायनांचे प्रयोग करतो, कधी कधी दिवसच्या दिवस तोंड उघडत नाही. व्हायोलिन चाललं तर बरं. वॉटसनही कबूल करतो: कुत्र्याचं पिल्लू आहे, आरडाओरडा सोसत नाही, भलत्या वेळी उठतो, आणि अत्यंत आळशी आहे. झालं, दुसऱ्या दिवशी बेकर स्ट्रीटची जागा बघून व्यवहार पक्का. लग्नाच्या बैठकीतही एवढा खरेपणा कुणी दाखवत नाही. तरी गंमत पाहा, होम्सने कोकेनचं इंजेक्शन घेतो हे सांगितलं नाहीच. ते वाचकांना पुढच्या कादंबरीत कळतं. शिवाय वेळी-अवेळी पोलीस, गुन्हेगार आणि रस्त्यावरची पोरंटोरं जिना चढून दिवाणखान्यात येतील, हेही त्याने वगळलं.

पुढे भाची स्वतः मुलाखत घेणाऱ्यांत गेली तेव्हा मी तिला ही होम्स-पद्धत शिकवली. दुर्गुण विचार म्हटलं. तिने विचारले. एक उमेदवार म्हणाली, “मी जरा जास्तच नीटनेटकी आहे.” दुसरी म्हणाली, “माझा प्रॉब्लेम म्हणजे मी सगळ्यांचा फार विचार करते.” तिसरीचा दुर्गुण फार लवकर विश्वास टाकणं हा होता. नोकरीच्या मुलाखतींनी या पिढीचं इतकं वाटोळं केलंय की तिला साधा अवगुणसुद्धा सजवल्याशिवाय सांगता येत नाही.

ते पुढचं. आधी भाची तक्त्यात पास झाली आणि करार झाला. 11 महिन्यांचा. अकराच का, तर बारा झाले की नोंदणी करावी लागते, असं दलाल खासगी आवाजात सांगतो. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या 55 व्या कलमाने लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी मुदत कितीही असली तरी सक्तीची केली; ती करून घ्यायची जबाबदारी मालकावर टाकली आणि नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, ठेवले. तरी अकराचा आकडा काही हलत नाही. त्याला आता सव्वा रुपयाच्या दक्षिणेचं पावित्र्य आलं आहे. नोंदणीचा माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. मी साक्षीदार. माझा अंगठा यंत्राला काही केल्या उमटेना. जन्मभर कागद उलटून तो गुळगुळीत झाला आहे. शेवटी अंगठा ओल्या फडक्याने पुसून, फुंकर मारून, दाबून धरल्यावर सरकारला मी पटलो.

तो करार मी ओळन् ओळ वाचला, ती खोड जात नाही. पंखे किती, ट्यूबलाइटी किती, गीझर एक, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, जागेचा गैरवापर करायचा नाही. वस्तूंची यादी अशी की पंचनामा वाटावा. गीझर एक, हे लिहिलं होतं. तो बंद कोण करणार, हे नव्हतं.

आणि घर मोडत आलं ते गीझरवरच. मोडलं म्हणजे पोरी काही भांडल्या नाहीत. हल्ली भांडत नाहीत, ग्रुपवर लिहितात. ‘हाय गर्ल्झ, जस्ट अ रिमाइंडर’ अशी सुरुवात असली की समजावं, कुणीतरी रात्रभर उशीत तोंड घालून दात-ओठ खाल्लेत. ‘गीझर पुन्हा चालू राहिला होता.’ खाली हात जोडलेलं चित्र. त्या हात जोडण्यात जो जहालपणा असतो तो आमच्या पंतनगरच्या शिव्यांत नव्हता. आम्ही शिवी घातली की एकत्र चहा प्यायला उतरायचो.

खरी कसोटी जुलैत लागते. माझं तर मत आहे की मुंबईत घरसोबतीण निवडायची असेल तर मुलाखत जुलैतच ठेवावी. बाहेर आठ दिवस धो धो लागलेला, बाल्कनीत ऊन नाही, तिघींचे कपडे आणि दोरी एक. जीन्स नावाचा प्रकार मुंबईच्या पावसात चौथ्या दिवशीसुद्धा दमटच असतो आणि त्याला एक वास सुटतो, तो लपवायला चौथी सुगंधी मेणबत्ती लावते. म्हणजे तिघींत मिळून चौथी मेणबत्ती. अशा वेळी जी पोरगी दुसरीचे वाळलेले कपडे काढून, घडी घालून तिच्या पलंगावर ठेवते ती देवमाणूस. जी काढून, न घडी घालता, खुर्चीवर ढीग करते ती सामान्य. आणि जी दुसरीच्या ओल्या कपड्यांवर आपले ओले कपडे टाकून ऑफिसला जाते, तिला डिपॉझिट परत देऊन मोकळं व्हावं. हे ओळखायला लॅपटॉप लागत नाही, पाऊस लागतो. तो मुलाखतीच्या दिवशी नेमका नसतो.

गीझर, दोरी, कुकर, सकाळी सात वाजता बाईला दार कोण उघडणार. सगळ्या चौक्यांवर सगळ्यांनी भाचीला ती कोण आहे ते विचारलं. सकाळी सात वाजता ती काय करते हे कुणी विचारलं नाही.

वर्ष सरता सरता नागपूरकरणीची बदली पुण्याला झाली आणि तिसरीचा शोध पुन्हा सुरू झाला. या खेपेस उमेदवारांची काय गर्दी! वर्सोव्याहून एक आली, सिनेमात काम शोधणारी. आरामनगरला रोज ऑडिशन, बारापर्यंत झोप, आणि भाडं ‘एक प्रोजेक्ट आलं की’. स्वभावाने लाघवी होती. चहा पिता पिता तिने आम्हाला भूतबाधा झालेल्या सुनेचा प्रवेश करून दाखवला, खालच्या मजल्यावरून फोन आला. मग एक हवाई सुंदरी आली. विमानतळ जवळ, म्हणून मरोळ-चकाल्याला या मुली पुष्कळ राहतात. पहाटे तीनला कंपनीची गाडी न्यायला येते, महिन्यातले निम्मे दिवस घराबाहेर, भाडं मात्र पूर्ण. इंदूरच्या मुलीचे डोळे लकाकले. जी भाडं भरते आणि घरात नसते तिच्याइतकी आदर्श सोबतीण दुसरी नाही. तक्त्यात तिला पैकीच्या पैकी मिळाले. पण तिलाही तिच्या बाजूने चौकशी करायची होती. तिने स्वयंपाकघरात डोकावून सिंकमधला कुकर पाहिला, किती दिवसांचा आहे विचारलं, आणि ‘कळवते’ म्हणून गेली ती कायमची उडाली.

शेवटी दोघी उरल्या. एक जळगावची, स्वयंपाकाची हौस असलेली. पहिल्याच भेटीत घरचं भरीत डब्यात घेऊन आली. मी माझं मत तिथल्या तिथे तिच्या पारड्यात टाकलं. दुसरी ठाण्याची, चार्टर्ड अकाउंटंटकडे काम करणारी, काटकुळी, बोलणं मोजून मापून. रोज संध्याकाळी बाहेरून सॅलड मागवते म्हणाली. चर्चा चालू होती, तेवढ्यात स्वयंपाकघरातून बाई पदराला हात पुसत आल्या. त्या विंगमध्ये त्या सहा घरं करतात. कोणाकडे काय शिजतं, कोणाकडे कोण रात्री राहतं, कोणाचं ठरलेलं लग्न मोडायच्या बेतात आहे, हे त्यांना त्या-त्या माणसांच्या आधी कळतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

“ती भरीतवाली नको,” बाई म्हणाल्या.

“का हो?” मी विचारलं. भरीत अजून जिभेवर होतं.

“काका, वांगं कशावर भाजलं? गॅसवर. मग ओटा कोण घासणार? तुम्ही?”

मी गप्प बसलो.

“ती दुसरी आणा, पाला खाणारी. भांडं नाही, तवा नाही, तेलाचे शिंतोडे नाहीत. आन् कोणपण आणा, माझे पाचशे वाढवा. मागच्या ताईनं एसीपायी दिवाळीपास्नं दार बंद ठेवलं, लादी पुसायला मी दारात उभी राहून तपश्चर्या केली.”

इंदूरच्या मुलीने लॅपटॉप मिटला. माझ्या बँकेतही शेवटी असंच व्हायचं. दहा जणांच्या सह्या झालेलं प्रकरण शिपाई एका वाक्यात निकालात काढायचा, कारण अर्जदार राहतो कुठे ते त्याला एकट्यालाच ठाऊक असायचं.

ठाण्याची मुलगी पहिल्या तारखेला आली. बाईंचे वाढीव पाचशे तिघींत वाटायचे ठरले. हिशोबाच्या अ‍ॅपवर प्रत्येकीच्या नावे 166 रुपये 66 पैसे पडले. रात्री पावणेबाराला ग्रुपवर नव्या मुलीचा पहिला संदेश आला: तिघींचे मिळून 499 रुपये 98 पैसे होतात, उरलेले दोन पैसे दरमहा कोणाच्या नावावर टाकायचे, की आळीपाळीने घ्यायचे? आणि त्याखाली दुसरा: गीझर मी आत्ता बंद केला, साडेदहापासून चालू होता, कोणी आंघोळ केलेली नाही.

भाचीने मला लगेच फोन केला. झोपेतून उठून मी घाबऱ्या आवाजात विचारलं, काय झालं?

“मामा,” ती म्हणाली, “बाईंना आणखी पाचशे वाढवूया का?”